बुडालेल्यांच्या दगडावरचं नाव

"पुढे वाच."

"मम्मी, पुढे काही नाही. एवढंच."

"कागद दोन्ही बाजूंनी भरलाय, मागून शाई फुटलीय, आणि पुढे काही नाही? चौथी शिकले असेन, पण आंधळी नाही मी."

पर्ल पत्राची घडी घालायला लागली तसा मी तिचा हात धरला. माझे हात माशांचे होते, पाकिटाला दोन खवले चिकटले. पर्ल माझी सून, ऑस्टिनची बायको. वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, इथे मनामाला एका ऑफिसात टायपिंग करते. खोटं बोलायला लागली की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या दिवशी ती गळ्यापर्यंत लाल झाली होती.

पत्र वसईहून आलं होतं, पण वसईचं नव्हतं. इंग्लंडातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या खेड्यातून ते आमच्या गावच्या फादरांकडे गेलं, फादरांनी माझ्या दिराला दिलं आणि दिराने दुसऱ्या पाकिटात घालून बहरीनला धाडलं. आतलं पाकीट एकदा फोडून भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवलेलं होतं. माझा दीर इंग्रजी काय वाचणार, स्वतःचं नाव लिहिताना जीभ बाहेर येते त्याची. पण वाचून देणारे गावात कमी आहेत का? म्हणजे अर्ध्या गावाने वाचून झाल्यावर ते माझ्या स्वयंपाकघरात पोचलं होतं.

"वाच. मराठीत सांग, आणि गाळू नकोस काही. मी परत दुसऱ्याकडून वाचून घेणारच आहे."

पर्लने श्वास घेतला. "एक टीचर आहे, रिटायर झालेली. तिच्या गावच्या चर्चची हिस्टरी लिहितेय. लग्नांची सगळी रजिस्टर्स तिने कॉपी करून काढलीत, दोनशे तीस वर्षांची. म्हणते, आमचं चर्च दर्याच्या अगदी कडेला आहे. पहिलं चर्च पाण्यात गेलं, त्याचेच दगड काढून हे आत बांधलं. लोक सगळे मासेवाले. दोनशे वर्षं तीच पाच-सहा आडनावं, आणि अर्ध्या लोकांना सही येत नव्हती, तर नवरा-नवरी रजिस्टरात क्रूस काढायचे."

"मग? आमच्याकडे वेगळं काय होतं? माझ्या आईने क्रूसच काढला होता."

"आणि... एवढ्या सगळ्या नावांत बाहेरचं नाव एकच आहे. तिने त्या पानाची झेरॉक्स लावलीय." पर्ल थांबली. "मम्मी, तुम्ही बसा ना आधी."

मी उभीच राहिले. बसा म्हटल्यावर बसायची मला सवय नाही.

"नोव्हेंबर एकोणीसशे एकोणसाठ. रेमंड तुस्कानो, वय चोवीस, लग्न न झालेला, जहाजावर स्टुअर्ड. बापाचं नाव इनास तुस्कानो, धंदा शेती, राहणार वसई, इंडिया. नवरीचं नाव आयरीन. वय बावीस. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला."

रेमंड तुस्कानो माझा नवरा. पत्र आलं तेव्हा ते सहा आठवडे सलमानियाच्या हॉस्पिटलात पडून होते. मेंदूत रक्त साकळून उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, वाचा बंद. माझं त्यांच्याशी लग्न झालं त्रेसष्टच्या जानेवारीत.

मी झेरॉक्स हातात घेतली. इंग्रजी मला वाचता येत नाही. पण त्या सहीतला टी मला ओळखता येतो. वरची रेघ कोयत्यासारखी वळवलेली. बत्तीस वर्षं भाड्याच्या पावतीवर, पोरांच्या शाळेच्या वहीवर, व्हिसाच्या फॉर्मवर तो कोयता मी बघितला होता.

बाकीचं पर्लने भराभर सांगून टाकलं. रेमंडच्या पोटात आंत्रपुच्छ फुटलं म्हणून जहाजाने त्यांना त्या गावच्या लहानशा दवाखान्यात उतरवलं. अकरा आठवडे खाटेवर होते, मग बरे झाले. चादरी धुणाऱ्या पोरीशी लग्न केलं. फेब्रुवारीत कंपनीने परत बोलावलं तसे गेले. उन्हाळ्यापर्यंत पत्रं आली, मग थांबली. आयरीनने सगळ्या गावाला सांगितलं, माझा नवरा दर्यात बुडाला. पुन्हा लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं मिसेस तुस्कानो म्हणवून घेतलं, पोस्टमनला आडनावाचं स्पेलिंग शिकवलं. गेल्या हिवाळ्यात वारली. त्या चर्चच्या भिंतीत एक दगड आहे, त्यावर गावच्या बुडालेल्या माणसांची नावं कोरतात. मरताना ती म्हणाली होती, त्याचंही नाव घाला. पण तिथला फादर कागदावाचून नाव घालत नाही. म्हणून टीचर विचारतेय, त्याच्या गावचं कुणी आम्हाला लिहून कळवेल का, तो कधी बुडाला, कुठे बुडाला.

"मम्मी," पर्ल हळूच म्हणाली, "ती पहिली होती. मग तुमचं लग्न..."

"माझं लग्न काय?"

"काही नाही."

"काही नाही तर गॅस बंद कर. तेल जळतंय."

तिच्यासमोर मी हललेसुद्धा नाही. मासे तळले, चौदा डबे भरले. सित्र्याला कंपनीच्या बसने जाणारी आपल्याकडची पोरं माझ्याकडचे डबे नेतात, अठरा वर्षं नेतायत. त्या पोरांना मी धाक घालते. कोण पितो, कोण गावी बायको ठेवून इथे दुसरीकडे जातो, मला सगळं ठाऊक असतं आणि मी तोंडावर बोलते. एकाचा डबा मी एवढ्याचसाठी बंद केला होता. म्हटलं, बायको असताना दुसरं घर करणाऱ्याला माझ्या हातचं मिळायचं नाही.

आणि ग्लेनिस. माझी मुलगी.

एकोणनव्वद साली तिने राजनशी लग्न ठरवलं. केरळचा पोरगा, आपल्यातलाच, कॅथलिक. सित्र्याला इलेक्ट्रिशियन. लग्नाआधी आमच्यात तीन आठवडे चर्चच्या प्रार्थनेत, मिस्सेत, नावं वाचतात, म्हणजे कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगावी. बहरीनला आमचा रविवार शुक्रवारी येतो. पहिल्या शुक्रवारी फादरांनी दोघांची नावं वाचली. आदल्याच दिवशी मला कळलं होतं की राजनने पूर्वी गावी कोर्टात सही करून एक लग्न केलं होतं. ती बाई सोडून गेली होती. ग्लेनिसने हे माझ्यापासून लपवलं होतं.

मी मिस्सा चालू असतानाच उभी राहिले. भरल्या चर्चमध्ये. म्हटलं, "ह्या माणसाचं लग्न झालेलं आहे. एकदा रजिस्टरात नाव गेलं की ते कुणाला पुसता येत नाही. मी हिची आई आहे आणि माझी हरकत आहे."

रेमंड बाजूला बसले होते. माझा पदर ओढत होते, "बस खाली, कार्मेलीन, बस." त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. पुढचे तीन दिवस ते घरात एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, पोरीवर रागावलेत.

मिस्सेनंतर ते म्हातारे फादर माझ्यामागे पायऱ्यांपर्यंत आले. "बाई, माझं ऐका, ऐकून घ्या," असं काहीतरी सांगत होते. मी ऐकलं नाही. घरी येऊन ग्लेनिसचे कपडे दाराबाहेर ठेवले. तेव्हापासून सहा वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते. ती मुहर्रकला राहायची, मिस्सेला आवालीला जायची. बेट एवढंसं, पण आमची गाठ पडली नाही. न पडण्यासाठी मी बरंच काही करत होते, हे आता लिहायला हरकत नाही.

*

त्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला मी हॉस्पिटलात गेले. नेहमी गेले की त्यांचा चांगला हात, डावा, माझा हात धरायचा. त्या दिवशीही धरला. मी स्टूल जवळ ओढलं.

"आयरीन," मी म्हटलं.

त्यांचा एक डोळा अर्धवट मिटलेला असायचा. दुसरा माझ्याकडे बघत राहिला.

"ती मेली. गेल्या हिवाळ्यात."

हात सैल पडला. मी तो घट्ट धरला. आयुष्यभर मी नवऱ्याला अहोजाहो केलं, आईने तसंच शिकवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून दुसरं निघालं.

"तू तिच्याशी लग्न केलंस? हो असेल तर हात दाब."

त्यांनी चांगला डोळा मिटला. मग त्यांनी दाबला.

"मला अंगठी घालून गेला होतास अठ्ठावन्नच्या मे महिन्यात. साडेचार वर्षं मी तुझ्या बापाच्या पानवेलींना पाणी घालत होते, होणारी सून म्हणून. गावातल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, जहाजवाला तुझा येत नाही आता. मी त्यांना शिव्या घालायचे. ते ठाऊक होतं तुला?"

दाबला.

"बापाने बोलावलं म्हणून आलास?"

दाबला.

"तिला सांगितलंस मी आहे म्हणून?"

हात तसाच पडून राहिला.

मग मी कोण, हे मला विचारायचं होतं. पण त्याचं उत्तर हात दाबून देता येत नाही. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि वाकड्या बाजूने लाळ. पलीकडच्या खाटेशी नर्स उभी होती म्हणून मी रुमाल काढून दोन्ही पुसलं. ती नसती तर पुसलं असतं का, सांगता येत नाही.

जाताना तिने मला एक फॉर्म दिला. नळी बदलायची होती, घरच्यांची सही हवी. बोट ठेवून विचारलं, "रिलेशन? वाइफ?" तोपर्यंत अशा सहा फॉर्मांवर मी मान हलवली होती. त्या दिवशी मी म्हटलं, "मुलगा येईल संध्याकाळी, त्याची घ्या."

*

घरी जायला पाय वळले नाहीत. टॅक्सी केली आणि सरळ चर्चला गेले. म्हातारे फादर दोन वर्षांपूर्वी परत गेले होते. त्यांच्या जागी आलेले हे मंगळूरचे, तरुण, हिंदी, मराठी, कोकणी सगळं एकाच ताटात कालवून बोलणारे. ऑफिसात एसीखाली बसले होते. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. असं सांगितलं जसं शेजारणीचं सांगतेय.

त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"बाई, टेन्शन मत लो. हे आपलं चर्च नाही, दुसरं आहे. इंग्लंडचं. कॅथलिक माणसाने परमिशन न घेता बाहेर लग्न केलं, तर आपल्या चर्चच्या हिशेबाने ते लग्न झालंच नाही."

"झालं नाही कसं? सही आहे. साक्षीदार आहेत. बापाचं नाव, धंदा, सगळं आहे."

"असेल. पण आपण धरत नाही. तुमचं लग्न पक्कं आहे. वसईचं. एकदम पक्कं."

कायद्याने काय ते मी विचारलं नाही. समोरच्या खुर्चीवर बसले. मी रेमंडची बायको होते. सकाळपासून जे गेलं गेलं म्हणत होते ते सगळं जागच्या जागी होतं. फादर पाणी घेऊन आले. पेला तोंडाला लावला आणि घोट गिळता गिळता मला ते दिसलं. हळूहळू नाही. दार धाडकन तोंडावर आपटावं तसं.

"फादर, आणि कोर्टात केलेलं?"

"कोर्ट? वो तो बिलकुल नहीं."

"समजा, आपल्यातल्याच एकाने कोर्टात लग्न केलं. ते मोडलं. मग त्याला चर्चमध्ये करायचं म्हटलं तर?"

"पेपर्स मागवायचे गावाहून, बिशपला पाठवायचे. एक-दीड महिना. खलास." त्यांनी हात झटकले.

एक-दीड महिना. पायऱ्यांवर ते म्हातारे फादर हेच सांगत होते.

"सहा वर्षांपूर्वी," मी म्हटलं, "माझ्या मुलीची नावं वाचली होती इथे. ग्लेनिस तुस्कानो. तो राजन. आता... आता करता येईल का?"

फादरांनी नाव लिहून घेतलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठले, कपाट उघडून लांबडं रजिस्टर काढलं आणि पानं उलटायला लागले. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट थांबलं.

"बाई, ये तो हो गया है."

"काय हो गया?"

"लग्न. सात फेब्रुवारी नव्वद. इथेच." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "बघा. ग्लेनिस, डॉटर ऑफ रेमंड तुस्कानो अँड कार्मेलीन. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माझं नाव होतं तिथे. आई म्हणून. खाली सह्या होत्या, फादरांनी बोट ठेवून एकेक सांगितली. ग्लेनिसची, राजनची, चर्चच्या माळ्याची. आणि एक कोयत्याच्या टीची.

फादर काहीतरी बोलत होते. मी विचारलं, "तो वार कुठला होता?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघून मग बोटांवर काहीतरी मांडलं. "बुधवार."

रेमंड कंपनीच्या कँटीनमध्ये हेड कुक होते. दर बुधवारी संध्याकाळी त्यांना कँटीनचा माल मोजायला थांबावं लागायचं. नऊ वाजता यायचे, जेवायचे नाहीत, म्हणायचे तिथेच चाखत चाखत पोट भरतं. सहा वर्षं दर बुधवारी मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी टाकून दिलं.

ते जेवण ग्लेनिसकडे होत होतं. एक घर लपवून दुसरं सांभाळायची त्यांना सवय होतीच.

*

मुहर्रकचा पत्ता फादरांनीच लिहून दिला. दुसऱ्या मजल्यावर दार एका चार-पाच वर्षांच्या मुलीने उघडलं. माझं नाक होतं तिला, बिचारीला. मला खालपासून वर बघितलं आणि आत ओरडली, "ममा, देअर्स सम आंटी!"

ग्लेनिस बाहेर आली. जाडी झाली होती. केसांत पांढरं दिसत होतं, एकतिसाव्या वर्षी. मला बघून तिने मुलीला आत पाठवलं, टीव्ही लावून दिला, मग म्हणाली,

"बसा."

माझ्या पोटची पोरगी मला बसा म्हणाली. मी बसले.

"डॅडी?" तिने विचारलं.

"आहेत तसेच आहेत."

"ठाऊक आहे. सकाळी सहाला जाऊन येते मी रोज, ड्युटीच्या आधी. ऑस्टिनने पास काढून दिलाय."

म्हणजे ऑस्टिनलाही ठाऊक. आणि पर्ललाही असणारच. त्या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

"मी रजिस्टर बघितलं," मी म्हटलं. "चर्चचं."

"बरं. नावं नीट लिहिलीत ना? हरकत नाही ना काही?"

माझीच जीभ तिच्या तोंडात. मला राग यायला हवा होता.

"मला सांगितलं का नाहीस? लग्न झालं, चर्चमध्ये झालं, फादरांनी लावलं. एवढं सांगितलं असतंस तर मी..."

"तर काय केलं असतंत? माफ केलं असतंत?"

मी बॅगेतून झेरॉक्स काढली आणि तिच्यापुढे धरली. वाटलं होतं, निदान हे तरी तिला नवीन असेल. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल आणि आम्ही दोघी एका बाजूला येऊ, रेमंडच्या विरुद्ध. एवढीच आशा होती, खरं सांगायचं तर.

ग्लेनिसने कागद हातात घेतला. सगळा वाचला. मग पाठ फिरवून खिडकीपाशी गेली.

"आयरीन," ती म्हणाली. "नाव माहीत नव्हतं मला. बाकी माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"डॅडींनी. तू चर्चमध्ये उभी राहिलीस त्याच रात्री. मी मैत्रिणीच्या खोलीवर होते, तिथे आले. म्हणाले, राजनचा गुन्हा काहीच नाही, खरा गुन्हेगार मी आहे. तुझी मम्मी जे बोलली ते माझ्याबद्दल बोलली. रडले. मी पहिल्यांदा बघितलं त्यांना रडताना."

"आणि मला नाही सांगितलं. तीस-बत्तीस वर्षांत एकदा नाही. पोरीला सांगितलं, आणि बायकोला नाही सांगता आलं?"

ग्लेनिस वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुला कोण काय सांगणार, मम्मी?"

आतून टीव्हीतली गाणी ऐकू येत होती. मी उठले. तिने चहाचं विचारलं, मी नको म्हटलं. दारात तिने सांगितलं की राजन रात्री येईल आणि पाहिजे तर गाडीने सोडेल. मी म्हटलं, टॅक्सी मिळते. जिन्यावरून उतरताना मागे वळून बघितलं नाही, पण दार बंद झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

*

रेमंड त्यानंतर अकरा दिवसांनी गेले. सकाळी साडेसहाला. म्हणजे शेवटी ग्लेनिसच होती त्यांच्याजवळ. मी घरी डब्यांसाठी कणीक मळत होते.

दफन तिसऱ्या दिवशी झालं. डबेवाली पोरं सगळी आली, सुट्टी टाकून. ग्लेनिस, राजन आणि ती मुलगी माझ्या डाव्या बाजूला उभी होती. लोकांनी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. मातीची मूठ टाकायची वेळ आली तेव्हा फादर म्हणाले, "पहले मिसेस तुस्कानो." माझा हात क्षणभर उठलाच नाही. ग्लेनिसने माझं कोपर धरून पुढे केलं. धरलं ते कोपर, हात नाही. नंतर ती तिच्या गाडीने गेली आणि मी ऑस्टिनच्या.

पाहुणे गेल्यावर, आठवड्याभराने, पर्लला मी म्हटलं, "त्या टीचरला उत्तर लिहायचंय."

पर्लने वही घेतली. "सॉरी म्हणून लिहू? की डॅडी आता एक्स्पायर झाले, आणि फॅमिली..."

"मी सांगते ते लिही. लिही, रेमंड तुस्कानो दर्यात बुडाले."

पर्लचं पेन थांबलं. "मम्मी, खोटं? चर्चला? दगडावर कोरणारेत ते."

"म्हणूनच."

"पण तुम्हीच... तुमचं लग्न खरं आहे, फादरच म्हणाले ना? तिचं नाही धरत. मग आपण का लपवायचं? सगळं खरं लिहा, त्यांना कळू दे."

"पस्तीस वर्षं तिने सांगितलं, नवरा बुडाला. आता मी लिहू, की नाही बाई, चांगला तळलेले मासे खात होता? तिच्या गावातल्या बायका काय म्हणतील तिच्या मागे?" मी दम घेतला. "भरल्या चर्चमध्ये एकदा उभी राहिले मी. पुरे झालं."

पर्ल लिहायला लागली.

"तारीख काय घालू?"

"उन्हाळ्यापर्यंत पत्रं आली म्हणते ना? जून महिना लिही. साठ साल."

"जहाजाचं नाव?"

"ठाऊक नाही म्हण. परदेशात जाणाऱ्या माणसाचं एवढं कुठे ठाऊक असतं गावाला. लिही, मुलगा चांगला होता. बापाची पानवेल होती. गाव आठवण काढतं."

पर्लने सगळं इंग्रजीत करून मला वाचून दाखवलं. कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. मग तिने विचारलं, "खाली कुणाचं नाव? रिलेशन पण लिहावं लागेल, नाहीतर ते विश्वास ठेवणार नाहीत."

"गाववाली."

"मम्मी!"

"गाववाली लिही. शेजारच्या वाडीतली."

तिने लिहिलं. तिच्या कानाच्या पाळ्यांकडे मी बघितलं नाही. "आणि नाव? कार्मेलीन तुस्कानो?"

"तुस्कानो नको."

पर्लने मान वर केली.

मी तिच्या हातातून पेन घेतलं. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या इंग्रजीच्या खाली, मराठीत लिहिलं: कार्मेलीन लोपीस. बापाच्या घरचं नाव. लग्नानंतर ते कधी लिहावं लागलं नव्हतं. पहिला काना जरा लांब गेला, बाकी अक्षर सरळ आलं. शाई वाळेपर्यंत मी कागदावर हात धरून बसले.